गेनरच्या शनिवारच्या भेटी

स्कार्थहॅमच्या बंदरामागे आता गालिच्यांचं दुकान आहे, तिथे पूर्वी कौन्सिलचं भेटघर होतं, दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांना आईबापांनी भेटायची जागा. गेनर ब्लँचर्ड आजही शनिवारी त्या बाजूला गेली की तिची चाल आपोआप मंदावते. काय दिवस होते ते! दिवस कसले, आठवड्याचे दोन तास. पण तेवढ्यावर तिचा अख्खा आठवडा निघायचा.

नवरा बोटीसकट समुद्रात बुडाला आणि त्या हिवाळ्यात गेनरनं अंथरूण धरलं. छोटी कर्स्टी उपाशीपोटी शाळेत जायला लागली. मग कौन्सिलची माणसं आली आणि पोरीला लांबच्या गावी दुसऱ्या कुटुंबात ठेवलं. वसंतात गेनर सावरली, मासे साफ करायच्या शेडमध्ये पुन्हा कामाला लागली. पोर मात्र लगेच परत मिळाली नाही, मिळाला फक्त शनिवार.

शुक्रवारी संध्याकाळी ती लिंबानं हात घासघासून धुवायची, माशांचा वास राहू नये म्हणून. शनिवारी कोपऱ्यावरून कागदात गुंडाळलेले गरम चिप्स, बटाट्याचे तळलेले जाड तुकडे, घ्यायची, त्यावर व्हिनेगर सढळ हातानं. मग कर्स्टी मांडीत बसून चिप्स खायची आणि गेनर तिच्या वेण्या घालायची. वेण्या सुटायच्या, पुन्हा घालायच्या. भेटघराची बाई कोपऱ्यात बसून सगळं टिपून घ्यायची. घे बाई, टिपून घे! त्या खोलीत किती हसू होतं ते टिपलं असतंस तर बरं झालं असतं.

मग एक दिवस जेरेमी शेडच्या दारात आला. कौन्सिलचा नवा माणूस, लंडनहून आलेला, गळ्यात मफलर.

"मिसेस ब्लँचर्ड, शनिवारनंतर कर्स्टी फार रडते हो. झोपत नाही. भेटी महिन्यातून एकदा केल्या, तर चालेल ना?"

गेनरला 'नाही' म्हणायचं होतं. पण तोंडातून काय निघालं? "चालेल की. तुमची अडचण नको व्हायला."

आता या गावच्या लोकांची ही मेली सभ्यता! कुणी पाय तुडवला तर ज्याचा तुडवला तोच आधी सॉरी म्हणणार. स्कार्थहॅमचा कुणीही तो 'चालेल' ऐकून म्हणाला असता, अरे बापरे, ही बाई तर मरायला टेकलीय. जेरेमीनं मान डोलावली, आभार मानले आणि गेला.

पुढच्या महिन्यात कर्स्टीला सांभाळणाऱ्या कुटुंबाची गाडी बिघडली, भेट रद्द. त्याच्या पुढच्या महिन्यात ते कुटुंब सुट्टीला गेलं. गेनर फोनवर दर वेळी म्हणाली, "हरकत नाही, खरंच हरकत नाही." आणि फोन ठेवून जिन्यावर बसून राहिली.

शेजारच्या मेव्हिसमावशीला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हरकत नाही म्हणून सांगितलंस? तुझी जीभ काय गहाण पडलीय? तक्रार कर!"

"तक्रार? मी? मावशी, मी आयुष्यात कधी गार चिप्स परत केले नाहीत."

"चिप्स आहेत का गं ती? पोर आहे तुझी!"

मावशीनंच मग फोन करकरून कौन्सिलचं डोकं खाल्लं. शेवटी तीन माणसं तक्रार ऐकायला बसली. मधली बाई कौन्सिलबाहेरची, पांढऱ्या केसांची. चहा आला. गेनरचा बिनसाखरेचा, आणि तिला तर भरपूर साखर लागते.

"चहा ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"छान आहे, अगदी छान."

"बघा!" शेजारी बसलेली मावशी कडाडली. "कडू विष पितेय आणि छान म्हणतेय! हिला विचारून निर्णय घेतलात तुम्ही!"

गेनर लाजेनं लाल झाली. समोर जेरेमी हळूच म्हणाला, "पण मिसेस ब्लँचर्ड, तुम्हीच तर म्हणाला होतात, चालेल म्हणून."

गेनरनं कप खाली ठेवला. "म्हणाले होते. आमच्यात तसं म्हणतात. मला चालत नाही." मग मोठ्यानं, "मला हरकत आहे! ती रडते कारण तिला जावं लागतं, मी येते म्हणून नाही!"

जेरेमीचे डोळे खाली गेले. बिचारा वाईट माणूस नव्हता तो.

तक्रार मान्य झाली. कौन्सिलनं माफी मागितली आणि शनिवार परत मिळाला.

पहिल्या शनिवारी कर्स्टी आली ती उंच झालेली, केस कापलेले. वेणी घालायला काही उरलंच नव्हतं. मांडीत न बसता ती समोरच्या खुर्चीत बसली, गुडघ्यांवर हात ठेवून.

"कौन्सिलचे लोक म्हणाले, तुला चालतंय म्हणून. चालत होतं?"

"नाही गं राणी. एक दिवससुद्धा नाही."

"मग सांगायचं ना!" पोर ओरडली, उठली आणि दोन्ही मुठींनी आईच्या छातीवर मारत सुटली. "मी वाट बघत होते! सांगायचं ना त्यांना!"

कोपऱ्यातली बाई उठायला लागली. "असू द्या," गेनर म्हणाली, "मारू द्या तिला." आणि पोर दमेपर्यंत तिनं मार खाल्ला.