टोपलीत तीन डबे होते

त्या दारात आम्ही तिघी होतो. मी, माझी जाऊ शेवंता, आणि सातव्या मजल्यावरची मॅडम. शेवंता वारली. मॅडम फ्लॅट विकून गेली. म्हणजे आता हे ठाऊक असलेली मी एकटी — आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवासमोरसुद्धा नाही. चौथी शिकलेय, वाकडंतिकडं लिहीन. वाचायचं तर वाचा. हळहळू मात्र नका, मला चीड येते त्याची.

मी बोहारीण. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. नवरा लवकर गेला, तेव्हा टोपली डोक्यावर घेतली ती चाळीस वर्षं. चारकोपच्या सगळ्या सेक्टरांत फिरले. घासाघीस करण्यात माझा हात धरणारी कुणी नव्हती. हे फुशारकीने नाही सांगत — याच्यातच माती खाल्ली मी.

माझी नात प्राजू, तेव्हा सोळा वर्षांची. तिला लाँगबोर्डचं वेड लागलं. म्हणजे चार चाकांची लांब फळी, उभं राहून रस्त्यावर घसरत जायचं. खाडीकडच्या रस्त्याला सकाळी दोन-तीन पोरी खेळायच्या, त्यांचं बघून. नवीन कुठून घेणार? मग मोबाइलवर कोण जुनं काय विकतंय ते बघत बसायची. कुठून तरी गुडघ्याची पॅडं आणली, एकाचं वेलक्रो फाटलेलं, ते तिनेच शिवलं. मला म्हणाली, "आजी, तू टॉवरमध्ये जातेस ना, नजर ठेव गं. फळी आणि हेल्मेट, बस."

आणि मला सापडलं. दोन्ही. एकाच दारात.

मॅडमचा मुलगा परदेशात गेलेला, त्याचं सामान ती काढत होती. दोन पँटी, चार शर्ट आणि ती फळी, एका पातेल्यावर सौदा झाला. मग तिने आतून काळं हेल्मेट आणलं. चांगलं, जाड. म्हणाली, "हे पण न्या, एक डबा द्या. तुम्ही लोक लुटता हो, पातेलं पण पातळच दिलंत."

लुटता म्हणाली. मला ते लागलं. टोपलीत तीन डबे होते, वर फडकं होतं. मी म्हटलं, "संपले डबे, मॅडम."

शेवंताने कोपर मारलं. "घे गं, पोरीला लागेल."

"गप बस तू."

आमच्या धंद्यात असं असतं — उठायचं आणि चालायला लागायचं. लिफ्टपर्यंत पोचायच्या आत बाई हाक मारतेच. "घ्या हो, फुकट न्या." हजार वेळा झालंय असं. आणि आपणहून परत वळायचं नाही. वळलं की त्या बिल्डिंगमध्ये आपली किंमत गेली.

हाक आली नाही. लिफ्ट आली. शेवंता म्हणाली, "एका डब्यापायी, वहिनी?" मी आत शिरले.

घरी प्राजू फळीला मिठी मारून नाचली. मग विचारलं, "हेल्मेट नव्हतं, आजी?"

"नव्हतं," मी म्हटलं.

एवढंच असतं तरी मी गप्प मेले असते. पण पुढे आहे.

माझी सून कविता. आमचं कधी पटलं नाही. आजही पटत नाही, आणि हे मी तिच्या मायेपोटी लिहीत नाहीये. तिने पोरीला बजावलं होतं, हेल्मेट येईपर्यंत खाडीवरच्या पुलाच्या उतारावर जायचं नाही. दोन रविवार तिने अडवली. तिसऱ्या रविवारी मीच बोलले, "माहेरची भित्री ती भित्रीच. पोरीला पण तशीच कर." का बोलले? पोर पुन्हा हेल्मेट हेल्मेट करायला लागली होती, ते मला ऐकवत नव्हतं. कवितानं ओठ आवळले. म्हणाली, "जा गं बाई, जा. पण लवकर ये."

त्याच दिवशी उतारावर पोर पडली, डोकं दुभाजकावर आपटलं. जीव वाचला. उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्या बाजूने हाक मारली तर पोर तशीच चालत राहते.

हॉस्पिटलात माझा मुलगा ओरडला, "हेल्मेटशिवाय कोणी सोडलं हिला?"

मी म्हटलं, "बायकोला विचार."

कवितानं माझ्याकडे एकदा बघितलं. मी काय बोलले होते ते तिने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ना? मी असते तर सांगितलं असतं. हेल्मेटचं तर तिला माहीतच नव्हतं. सहा वर्षं झाली. मुलगा तिच्याशी कामापुरतं बोलतो. नळावरच्या बायका तिच्यामागे म्हणतात, हिनेच पोरीचा कान घालवला. आणि मी? मी तिथे हंडा भरत उभी असते. एकदा तर मान डोलवली.

माफी मागत नाही. मिळाली तर घेणार पण नाही. तुम्ही चारकोपात राहत असाल आणि कविताबद्दल तसं कोणी बोललं, तर तिथल्या तिथे थांबवा. हेल्मेट समोर होतं आणि म्हातारीने ते घेतलं नाही, असं सांगा.