पहिल्या सासूने शिकवलेली बांधणी

इतिहासाच्या पदवीला शेवटच्या वर्षी इंटर्नशिप सक्तीची होती. वर्गातल्या बऱ्याच जणी संग्रहालयात गेल्या. मला जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका छोट्या कंपनीत जागा मिळाली. जुन्या शहरातल्या कारागिरांच्या आठवणी रेकॉर्ड करून त्यांचे पॉडकास्ट बनवणं हे तिथलं काम. दोन खोल्या, एक काचेचं केबिन आणि आमच्या मॅडम. मॅडमनी बरीच वर्षं टीव्हीच्या बातम्यांत काढली होती. बोलायच्या भरभर, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न तयार असायचा.

मला बांधणीचा भाग दिला होता. चांदपोल वेशीच्या आतल्या एका गल्लीत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहत. त्यांनी उभा जन्म कापडाला गाठी बांधण्यात घालवला होता. सगळे त्यांना मांजी म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्या दोन भेटींत त्यांनी हात चालवून दाखवले, रंगांची नावं सांगितली, कुठल्या ओढणीला किती दिवस लागत ते सांगितलं. मी रेकॉर्डर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवत असे आणि त्या त्याच्याकडे वाकून बोलत, जणू त्याला कमी ऐकू येतं.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, "मांजी, हे शिकलात कुणाकडून?"

"सासूकडून," त्या म्हणाल्या. गाठ आवळली. "पहिल्या सासूकडून."

मी पुढचा प्रश्न विचारला. कुणीही विचारला असता. आणि त्या सांगत गेल्या. पहिलं लग्न टोंकजवळच्या गावात झालं होतं. नवरा तापाने गेला तेव्हा पदरात दोन वर्षांची मुलगी होती. त्यांच्या समाजात विधवेला दुसरं घर करून देण्याची रीत होती, पण पहिल्या घरचं मूल पहिल्या घरीच राहायचं. जयपूरहून मागणी घालायला आलेल्या माणसाची एकच अट होती, त्या मुलीचा विषय या घरात निघता कामा नये. मांजी आल्या, इथे मुलगा झाला, संसार झाला. विषय निघाला नाही. ज्यांना माहीत होतं ती माणसं एकेक करून गेली. हे सांगताना त्यांचे हात गाठी बांधतच होते. शेवटी म्हणाल्या, "चहा घेशील ना?"

मानसरोवरला घरी परत जाताना मेट्रोत मी बॅग छातीशी धरून बसले होते.

मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडे बघतच राहिल्या. "एवढे दिवस आपण ओढण्या मोजत होतो. हे आहे खरं." दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रेलर कापला. त्यात मांजींचा आवाज होता. "मेरी एक छोरी वहीं रह गई." मागे हलकी सारंगी.

ट्रेलर जायच्या आदल्या दिवशी मांजींचा मुलगा ऑफिसात आला. पन्नाशीचा, धिप्पाड माणूस. मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. हेल्मेट हातातच. मला बघून म्हणाला, "मॅडमजी, तुम्हीच येत होता ना घरी? मां दोन दिवस नीट जेवत नाही. विचारलं तर बोलत नाही. तुम्ही काय विचारलंत तिला?"

"बांधणीबद्दल, भैया."

"बांधणीबद्दल बोलून कुणी जेवण सोडतं? मला ऐकवा."

मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. गोड आवाजात म्हणाल्या, काम अजून चालू आहे, पूर्ण झालं की सगळ्यात आधी तुम्हालाच पाठवू. तो थोडा वेळ उभा राहिला. भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होता की आमच्याकडे, कळत नव्हतं. मग गेला.

मी म्हणाले, "मॅडम, मांजींना एकदा विचारायला हवं."

"टेपवर होकार आहे त्यांचा."

"तो बांधणीसाठी होता."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या दुपारपर्यंत विचारून ये. ट्रेलर संध्याकाळी जाणारच आहे, तसा लावून ठेवलाय. आणि एक सांगते, विचारलंस की लोक नाहीच म्हणतात. मग आपल्या हातात काय उरतं?"

घरी आईला नावगाव न सांगता हकीकत सांगितली. बाबांच्या बँकेच्या बदल्यांमुळे आई कोल्हापूर सोडून आज इथे, उद्या तिथे राहिलेली. तिने पोळी तव्यावरच राहू दिली. "दुसऱ्याच्या घरातलं भांडं आपण वाजवायचं नाही," ती म्हणाली. "मतलब, तू विचार. पण त्या मुलासमोर नको."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर दुकान बंद ठेवून तो मुलगा घरीच बसला होता. दारासमोरच्या खुर्चीत, आत येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यावरूनच जावं लागेल असा. सून कामावर गेली होती. मांजी पलंगावर होत्या, समोर कापड नव्हतं. त्यांचे हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहिले.

"या," तो म्हणाला. "माझ्यासमोर विचारा काय ते."

बाहेर चला म्हणावं तर मांजींना उठवत नव्हतं. त्याला जरा बाहेर जा म्हणायची माझी छाती नव्हती. संध्याकाळ डोक्यावर बसलेली. मी पलंगाच्या कडेला टेकले आणि जमेल तितकं आडून विचारलं, "मांजी, त्या दिवशी शेवटी जे सांगितलंत, शिकवणाऱ्या बाईंचं, ते लोकांना ऐकवू की राहू दे?"

मांजींनी मान वर केली नाही.

"शिकवणारी बाई कोण?" मुलगा म्हणाला. "मांला नानीने शिकवलं. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला वाटलं, आता मी काहीतरी खोटं बोलावं. नानीच म्हणायचं होतं मला, असं काहीतरी. तोंड उघडलंही.

"नानीने नाही शिकवलं," मांजी म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून कितीतरी थोडक्यात, चार-पाच वाक्यांत. आवाज सपाट. सांगताना त्या मुलाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होत्या. मुलगा खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. त्याचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं आणि लगेच कठीण झालं.

"जिवंत आहे?"

"माझ्या कानावर तसंच होतं. फार वर्षं झाली."

"नाव काय तिचं?"

मांजींनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. एवढ्या वर्षांत त्या घरात ते पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, आणि उच्चारल्यावर मांजींनी पदर तोंडाशी धरला.

तो वळला तो माझ्यावर. "हे आणखी कुणी ऐकलंय?"

"मी आणि आमच्या मॅडमनी."

"आणि आता साऱ्या जगाला ऐकवणार? कॉलेजचे मार्क मिळतात का याचे?" तो माझ्या इतका जवळ आला होता की मी मागे सरकले, आणि मागे भिंत होती.

"तिला बोलू नकोस," मांजी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तो थांबला. "मी सांगितलं. तिने ओरबाडून काढलं नाही. कुणाला तरी सांगून मरायचं होतं मला." मग माझ्याकडे वळून, "बांधणीचं ऐकव, ते माझं आहे. पोरीचं नको. ती कुठे बसून ऐकत असेल तर? सोडून गेलेली आई तिला अशी मोबाइलमध्ये सापडायला नको."

मी जिन्यातूनच मॅडमना फोन लावला. उचलला नाही. मेसेज पाठवला, तो तसाच पडून राहिला. चांदपोलच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. पुढे गर्दीत अडकली, तेव्हा मी ड्रायव्हरला उगीचच दोनदा म्हणाले, भैया, जरा लवकर. तो म्हणाला, उडून जाऊ का? सी-स्कीमला पोचले तेव्हा मॅडम केबिनमध्ये दोन पाहुण्यांबरोबर होत्या. काचेतून हात करून त्यांनी मला थांब म्हटलं. मी थांबले नाही. दार उघडलं.

"नको म्हणाल्या त्या. ट्रेलर काढून टाका."

पाहुणे खाली बघू लागले. मॅडमचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, काही बटणं दाबली आणि म्हणाल्या, "काढला. बाहेर बस."

पाहुणे गेल्यावर मी म्हणाले की मूळ रेकॉर्डिंगमधूनही तो भाग काढायला हवा. मॅडम हसल्या, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "इतिहासाची विद्यार्थिनी. आणि पुरावा पुसायला सांगतेस?"

आज एम.ए.ला लोकांच्या तोंडी आठवणींवरच काम करते, तरी त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर सापडलंय असं म्हणवत नाही. त्या दिवशी मी फक्त टेबलाजवळ उभी राहिले. शेवटी मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि माझ्या देखत तो भाग काढून टाकला. राग होताच; उरलेले दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या आणि प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' एवढाच शेरा आला. पण बांधणीचा भाग त्यांनी स्वतः बसून पुन्हा जुळवला, आणि चांगला जुळवला.

थंडीत कधीतरी मांजींच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, टोंकला जाऊन आलो. बहीण सापडली, तिला नातवंडं आहेत. पहिल्या खेपेला तिने ओसरीवरूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला तो मांजींना गाडीत घालून घेऊन गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दोघी बसून राहिल्या. रडणं नाही, काही नाही. माझ्या बहिणीने एकच विचारलं, मला शेवटचं बघितलंस तेव्हा मी काय करत होते? मां म्हणाली, झोपली होतीस, म्हणून तर निघता आलं." मग म्हणाला, "त्यानंतर तिने जेवायला वाढलं."

आता मांजी मधून मधून तिकडे जाऊन राहतात. बहीण जयपूरला अजून आलेली नाही. तो म्हणाला, मी बोलावतो दर वेळी, पण आग्रह करत नाही.