सोऱ्या, चिंचोके आणि माझी कुडी

सासूबाईंचा पितळी सोऱ्या मी पोकरमध्ये हरले. तेव्हा मी पासष्टची होते, म्हणजे अक्कल यायची होती.

सोऱ्या एक आणि सुना दोन. मी डोंबिवलीत, धाकटी जाऊ शैला ठाण्याला कोपरीत. एक दिवाळी माझ्याकडे, एक तिच्याकडे, असा तो पिशवीतून फिरायचा. दुसऱ्या कुठल्याही सोऱ्याने पाडलेली माझी चकली कढईत विरघळते. (शैलाच्या मते दोष भाजणीचा.) शेवटी ठरलं, पत्ते खेळून कायमचा निकाल लावायचा.

"मेंढीकोट नको," शैला म्हणाली. "तुम्हाला दादा पार्टनर. माझा पार्टनर जेवला की झोपतो."

तिचा पार्टनर, म्हणजे माझा दीर, तोवर आतल्या खोलीत घोरत होताच. तेव्हा माझे जावई म्हणाले, "मी पोकर शिकवतो. मीच पत्ते वाटतो, तुम्ही तिघं खेळा."

तिघं म्हणजे मी, शैला आणि आमचे हे, म्हणजे शैलाचे दादा. हे जिंकले असते तरी सोऱ्या माझ्याच घरात राहिला असता, पण शैलाने हरकत घेतली नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता.

"दोन पत्ते हातात, पाच मध्ये उघडे," जावई सांगू लागले. "मधले आणि हातातले मिळून ज्याचे पत्ते भारी, तो जिंकला."

"आणि माझा पार्टनर?"

"पोकरमध्ये पार्टनर नसतो, आई. प्रत्येक जण एकटा."

"मग घरात कशाला खेळायचं?"

प्रत्येकी पन्नास चिंचोके मिळाले. पहिला तास मी एकही डाव सोडला नाही. "आई, वाईट पत्ते टाकून द्यायचे असतात," जावई सांगत होते. पण ज्या बाईने आयुष्यात शिळी पोळी टाकली नाही, ती दोन धडधाकट पत्ते कशी टाकणार? मी पंजी-तिर्रीवरही चिंचोके लावत गेले आणि निम्मे घालवून बसले.

मग शिकले. वाईट पत्ते टाकू लागले, चांगल्यांची वाट बघू लागले. चांगले आलेही. एकदा तर दोन एक्के! पण मी चिंचोके पुढे केले की शैला शांतपणे आपले पत्ते टाकून द्यायची. असं चार वेळा झालं.

चहाच्या निमित्ताने जावयांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, भारी पत्ते आले की तुम्ही कानातली कुडी फिरवता."

फिरवणारच! मेंढीकोटात हातात दश्शी आली की कुडी फिरवायची, ही माझी आणि ह्यांची लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासूनची खूण. हाताला सवयच लागलेली. म्हणजे शैलाने ती ओळखली होती तर!

मी चहात साखर ढवळली आणि बेत केला. ब्लफ म्हणतात तो हाच, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

बाहेर आले तर ह्यांचे चिंचोके संपले होते. आमच्याकडे डावातून बाद झालेला माणूस आपल्या पार्टनरच्या मागे बसून त्याचे पत्ते बघतो. तसे हे खुर्ची ओढून माझ्या मागे बसले.

मला आले दुर्री आणि सत्ती. मध्ये राजा, राणी, गुलाम, नव्वी, चौकी, म्हणजे बडी मंडळी सगळी, पण माझ्या ओळखीचं कोणी नाही. मी चेहरा कोरा ठेवला. कुडी फिरवली. चांगली दोनदा फिरवली आणि उरलेले सगळे चिंचोके पुढे सरकवले.

शैलाने मान वर केली. तिची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. तिथे भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता. मला वाटलं, धावा करतेय बिचारी.

"बघते," ती म्हणाली आणि स्वतःचे चिंचोके लावून पत्ते उघडले. तिच्याकडे एक चौकी होती, मधल्या चौकीशी जोडी झाली. चौकीची जोडी, बास. तेवढ्यावर सोऱ्या गेला.

निघताना तिने तो माझ्याच जुन्या साडीत गुंडाळला. लिफ्टपाशी मी न राहवून विचारलं, "कुडीची खूण तुला कधी कळली गं?"

"कसली कुडी, वहिनी?" शैला म्हणाली. "मी इतकी वर्षं दादांचं तोंड बघून खेळते. तुमचे पत्ते भारी असले की ते खुलतं. मघाशी ते तुमच्या चकलीसारखं विरघळलं होतं."