चेनवाल्या मावशींची पाठपिशवी

जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत एक शिलाई मशीन, रनरांनी भरलेले चार डबे, पक्कड आणि चेनवरून फिरवायला मेणबत्तीचा तुकडा, एवढ्या संसारावर मावशींनी सव्वीस वर्षं लोकांच्या प्रवासाच्या बॅगा दुरुस्त केल्या. बॅगा जगभर हिंडून यायच्या. मावशी मात्र मशीनपासून घरापर्यंत आणि घरापासून मशीनपर्यंत. गल्लीत त्यांना सगळे ‘चेनवाल्या मावशी’ म्हणत. खरं नाव विचारलं तर त्या स्वतःच क्षणभर आठवल्यासारखं करत.

एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती नर्स होती, नुकतीच निवृत्त झाली होती.

“ताई, दोन महिने फिरायचं. रेल्वे, बस, बोट, सगळं. तिकिटं काढलीत. नाही म्हणू नकोस.”

“नाही म्हणतंय कोण? मी मनात बॅग शोधायला लागलेसुद्धा!”

“फक्त एक अट. आपलं ओझं आपण उचलायचं. हमाल नाही, की कुणाच्या विनवण्या नाहीत.”

फोन ठेवल्यापासून मावशींच्या पायाला भिंगरी लागली. पलंगावर सामान मांडलं, काढलं, पुन्हा मांडलं. सून एकेक वस्तू आणून ठेवत होती. “आई, छत्री? आई, गरम पाण्याची पिशवी? आई, इस्त्री?”

“इस्त्री? मी फिरायला चाललेय की दुकान थाटायला?”

शेवटी निवडलेलं सगळं चादरीत बांधून, ते गाठोडं काखेत मारून मावशी बाजारातल्या बॅगांच्या मोठ्या दुकानात शिरल्या. दुकानदार त्यांना चांगला ओळखून होता. त्याने विकलेल्या बॅगा सहा महिन्यांत मावशींच्या मशीनखाली पोचत.

“या, या,” तो म्हणाला खरा, पण आवाजात जीव नव्हता.

मावशींनी दुकानाच्या मधोमध गाठोडं सोडलं. चार जोड कपडे, स्वेटर, टॉवेल, साबण, औषधं, चपलांचा जोड. मग लाल रंगाची चाकांची बॅग ओढून घेतली आणि रनर पुढेमागे केला.

“हा दोन महिने टिकला तर मी चेनवाली नाव लावणार नाही.”

शेजारी तीच बॅग हातात धरून उभ्या असलेल्या नव्या जोडप्याने ती हळूच खाली ठेवली.

“मावशी, जरा हळू बोला हो,” दुकानदार कळवळला.

पण मावशी आता रंगात आल्या होत्या. एकीचं अस्तर उलटं करून पाहिलं, दुसरीची शिवण नखाने ओढली. तिसरीची चाकं कानाशी नेऊन फिरवली. “ही आत्ताच कुरकुरतेय, बोटीच्या जिन्यावर काय करेल? जिन्यावर चाकं म्हणजे नुसतं लोढणं!” चार गिऱ्हाइकं भोवती जमली. एका आजोबांनी आपण निवडलेली बॅग तपासायला पुढे केली. मावशींनी ती पास केली आणि आजोबा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे खुलले.

दुकानदाराने कपाळाला हात लावला, मग हसू आवरेना म्हणून तोंडाला लावला. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला. “तुम्हीच शोधा बुवा आता. माझ्या दुकानात काय चांगलं आहे ते मलाही कळू द्या.”

सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, धुळीत एक करडी पाठपिशवी पडली होती. रंग असा नाही, नक्षी नाही, म्हणून तिच्याकडे कुणी वळलं नव्हतं. मावशींनी चेन ओढली. सुर्रकन गेली, सुर्रकन आली. शिवण दुहेरी, तळाला जाड कापड, पट्टे रुंद.

“अगं बाई! तू इथे काय करतेस?” मावशी तिलाच म्हणाल्या.

सामान भरलं. सगळं बसलं, चपला तेवढ्या उरल्या. “पायात एक जोड आहे, पाय काही चार नाहीत,” म्हणून त्या घरी परत न्यायच्या ठरल्या. मावशींनी पिशवी पाठीवर चढवली आणि काही कळायच्या आत दुकानाबाहेर पडल्या.

“मावशी! अहो मावशी, कुठे निघालात?”

पाच मिनिटांनी समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, “अजिबात दम लागला नाही हो!” मावशी कठड्याशी उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. खाली गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. ते पाहून त्या उतरून पुन्हा एकदा चढल्या, निव्वळ हौस म्हणून.

निघायच्या दिवशी मावशी ऐटीत स्टेशनवर उभ्या होत्या. सहा किलोंत दोन महिने! धाकटी काय म्हणेल? तेवढ्यात धाकटी आली. खांद्याला कापडी पिशवी, भाजीला निघाल्यासारखी.

“बाकीचं सामान?” मावशींनी विचारलं.

“बाकीचं कसलं? टॉवेल तू आणला असशीलच.”

“आणलाय.”

“साबण?”

“आणलाय. पण ओझं आपलं आपण उचलायचं म्हणाली होतीस ना?”

“मग? तू तुझंच उचललंयस की! मी फक्त वापरणार.”

मावशींनी तिच्या दंडाला चिमटा काढला आणि मग दोघींना असं हसू फुटलं की गाडी येऊन उभी राहिल्याचंही समजलं नाही. धावत, एकमेकींना ओढत त्या चढल्या. गाडी हलली. समोरच्या बाई म्हणाल्या, “अहो, ती बॅग काढून वर ठेवा ना.”

“राहू दे हो,” मावशी पट्टे घट्ट धरून म्हणाल्या, “मला फार छान वाटतंय.”