गोधडीचं पोट

तंजावरात गोधडीची गरज कुणालाच नसते. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, काही पहाटे सुती चादर अंगावर ओढली की आमची थंडी संपते. तरीही गेल्या वर्षी आम्ही तिघींनी रविवारच्या रविवार बसून एक मोठी गोधडी शिवली, कारण माझी मैत्रीण लग्न होऊन होसूरला जाणार होती आणि होसूरला म्हणे रात्री पंखासुद्धा लावत नाहीत.

तिघींनी, असं लिहिताना मी अजूनही जराशी अडते. सुरुवात आम्ही दोघींनीच केली होती.

ती आणि मी एलकेजीपासून एका बाकावर. तिचं घर तमिळ, आमचं मराठी, शाळा इंग्रजी. तिला बोलायला आवडतं आणि मला कुणीतरी माझ्या वतीनं बोललेलं आवडतं. दुकानात, बसमध्ये, माझ्याच नातेवाइकांसमोर मला काही विचारलं, की उत्तर ती द्यायची. "तिला कॉफी नको, ताक चालेल." "तिला नाही यायचं, तिला गर्दी नको वाटते." बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

गोधड्यांचा नाद आम्हाला कॉलेज संपल्यावर लागला. आधी तिच्या भाच्यासाठी एक दुपटं केलं, मग माझ्या आईच्या गुडघ्यांवर घ्यायला एक. आई टाके दाखवायची आणि आम्ही मैत्रिणीच्या घरच्या हॉलमध्ये, झोपाळा कडीला अडकवून, खाली फरशीवर कापड पसरायचो. चिंध्या उडू नयेत म्हणून पंखा बंद. घामानं सुई निसटायची. तिला त्यात चित्रविचित्र रंग जुळवायला मिळायचे, आणि मला दोन-तीन तास तिच्या शेजारी न बोलता बसायला मिळायचं.

मग एका रविवारी ती एका बाईंना घेऊन आली. आमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. नवऱ्याची बदली झाली म्हणून कोल्हापूरहून आलेल्या, आमच्याच रस्त्यावर भाड्यानं राहणाऱ्या. मैत्रिणीला त्या संध्याकाळी फिरताना भेटल्या होत्या. "तुझ्या भाषेचं माणूस आणलंय बघ," ती मला तमिळमध्ये म्हणाली. किती खूश होती. भेटवस्तू द्यावी तशी तिनं ती बाई माझ्यापुढे उभी केली.

मी मराठी घरात बोलते, तमिळच्या चालीवर. देवनागरी मला शाळेतल्या हिंदीच्या तासामुळे येते, आणि पुस्तकं मी त्या बळावर, पुढे कधीतरी आपली आपण वाचायला लागले. पण पुस्तकातली मराठी समोर येऊन भराभर बोलायला लागली तेव्हा माझं तोंडच मिटलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, मराठीत बोल की. तुमची मराठी किती गोड आहे, जुनी." काचेच्या कपाटातल्या वस्तूला म्हणावं तसं ते मला लागलं. मैत्रीण त्यांना अक्का म्हणायला लागली, दोघींचं मोडक्या इंग्रजीवर भागायचं. मी काहीच म्हणत नसे. त्यांच्याकडे पाहूनच बोलायला सुरुवात करायची, म्हणजे हाक मारावी लागत नाही.

त्यांना गोधडी येत होती. येत होती म्हणजे लहानपणापासून हातात होती. धावदोरा घालताना त्या कापडाकडे बघतसुद्धा नसत, आणि टाका पडायचा कणीएवढा, एकामागे एक, सगळे सारखे. माझ्या टाक्यांबद्दल मैत्रीण पूर्वीपासून म्हणायची, "तुझे टाके म्हणजे टाउन बस. वाटेल तिथे थांबते." हा आमचा जुना विनोद. त्यांच्यासमोर तिनं तो केला आणि त्या हसल्या, तेव्हा तो माझ्याकडून कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं.

लग्न ठरलं आणि होसूरची गोधडी काढली. तळाला मैत्रिणीच्या आईच्या नोकरीतल्या सुती साड्या, मध्ये एक विरलेलं धोतर, वर ठिगळांचा पसारा. माझ्याकडे माझा शाळेचा पिनाफोर होता, निळा-पांढरा, चौकटीचा. मी तो इतकी वर्षं कपाटात का ठेवला होता ते कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्यातून मी एक चौकोन नीट कापून आणला आणि तिच्या हातात दिला. मनात होतं की तो मधोमध लागावा. मी तसं म्हटलं नाही. तिनं तो मध्यावर ठेवून पाहिला, डोकं वाकडं केलं, म्हणाली, "मध्ये मळकट दिसतोय नाही?" तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक इरकलीचा तुकडा काढला. डाळिंबी, पिकलेल्या फळासारखा. मैत्रिणीनं तो गालाला लावला. पिनाफोर कोपऱ्यात गेला.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आम्ही गोधडी काठाकडून आत शिवत जातो. चारी बाजूंनी बसायचं, एकेक फेरी पूर्ण करायची, आणि फेऱ्या लहान होत होत मध्यावर येतात. मधलं ठिगळ शेवटपर्यंत एका बाजूनं उघडं असतं. त्याला आई पोट म्हणते. ते बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ ठेवतात, हळद लावलेले, कारण उपाशी गोधडी कुणाच्या अंगावर घालू नये. आणि शेवटचा टाका तिनं घालायचा, जी त्या माणसाच्या सगळ्यांत जवळची असेल. दुपटं आणि गुडघ्यांची गोधडी लहान होती, त्यांचं पोट आईनंच बंद केलं होतं, आम्हाला चहा करायला पाठवून. मैत्रिणीला हे काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि ह्या वेळी ते मी कुणालाच सांगितलं नाही. न सांगता ते माझ्याकडे यावं, अशी माझी इच्छा होती. मागून मिळालं तर त्याला काय अर्थ.

दरम्यान आईची आणि त्यांची ओळख झाली. त्या ज्वारीचं पीठ कुठे मिळतं विचारायला आल्या आणि दोन तास बसल्या. पुढे आईच दर शुक्रवारी त्यांच्याकडे जायला लागली. मी शाळेतून, म्हणजे आता मी जिथे लहान मुलांना शिकवते तिथून, घरी यायची तर दाराला कुलूप. आई परतायची ती त्यांच्याकडचे शब्द घेऊन. "अगे, त्यांच्यांत ह्याला झुणका म्हणतात." माझ्याशी बोलताना आई निम्मं तमिळ बोलते. त्यांच्याशी ती शोधून शोधून मराठी बोलायची, आणि तिच्या आवाजात एक मुलगी यायची जी मी कधी पाहिली नव्हती. आई तिथे काय बोलते ह्याचा मला फार विचार पडायचा. ती डांगराची पच्चडी, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, डब्यात भरून न्यायची. आमच्यासाठी उरायची ती तळाची.

एका रविवारी शाळेत वार्षिक समारंभाची तालीम निघाली. मध्यापर्यंत आता एखाद-दुसरी फेरीच राहिली होती. मी मैत्रिणीला निरोप पाठवला की उशीर होईल. तिनं अंगठा पाठवला. मी पर्समध्ये कागदाच्या पुडीत हळद लावलेले तांदूळ घेऊन निघाले होते, आणि पऱ्यांचे पंख बांधतानाही मधून मधून ती पुडी चाचपत होते.

पोचले तेव्हा गोधडी झोपाळ्यावर पसरलेली होती. पुरी झालेली. मैत्रीण तिच्यावर लोळून फोनवर फोटो काढत होती. त्या खाली बसून दोरे गोळा करत होत्या. "बघ, झाली," मैत्रीण म्हणाली, "अक्कानं मधलं काय सुंदर बंद केलंय." आणि त्या मला मराठीत म्हणाल्या, काकूंनी सांगितल्याप्रमाणे आत तांदूळही ठेवलेत.

काकूंनी. म्हणजे माझ्या आईनं. तेही शुक्रवारी देऊन झालं होतं.

मी झोपाळ्यापाशी गेले आणि इरकलीवर हात ठेवला. टाके दिसत नव्हते, इतके बारीक. बोटांनी दाबून पाहिलं तर खाली दाणे लागले. जाडे, बुटके, गोलसर. मी पुन्हा दाबलं. इडलीचा तांदूळ होता.

आमच्याकडे हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. उकडा तांदूळ इडलीला, रोजच्या भाताला. शुभकार्याला मात्र कच्चा, पच्चरिसी. उकड्या तांदळाला एकदा चूल लागलेली असते, त्याच्या अक्षता होत नाहीत, लग्नाच्या वस्तूत तर तो कुणी ठेवणारच नाही. त्यांना इडली शिकवली ती मैत्रिणीनंच, आणि तांदूळही तिनंच कुठला घ्यायचा ते दाखवलं होतं. कोल्हापूरच्या माणसाला दोन्ही पांढरेच. आणि कुठला तांदूळ हे वेगळं सांगावं लागतं, हे माझ्या आईच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला.

मैत्रिणीची आई तेव्हा कॉफीचे टंबलर घेऊन आत येत होती. कडक बाई, पंचांग बघितल्याशिवाय नवी वहाणही पायात घालत नाही. मी, जी त्या घरात वीस वर्षांत आपणहून एक वाक्य बोलले नव्हते, स्वच्छ तमिळमध्ये म्हणाले, "आंटी, ह्यात इडलीची अरिसी घातलीय."

टंबलर खाली ठेवले गेले. आंटींनी हात लावून पाहिला आणि भराभर बोलायला लागल्या: लग्नाची वस्तू, आणि ह्या मुलींना काही कळत नाही, आणि आत्ताच्या आत्ता उसवा. मैत्रीण हसून बाजू सावरायला गेली, तिलाही ओरडा बसला. त्या एकदा आंटींकडे, एकदा मैत्रिणीकडे बघत होत्या. त्यांना तमिळ येतं ते भाजी घेण्यापुरतं. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय झालं गं? काय म्हणाल्या?"

त्या खोलीत ते नीट समजावून सांगू शकणारी मी एकटी होते. मी सांगितलं. पहिल्यांदा मराठीत त्यांच्याशी एवढं लांब बोलले, आणि कुठे अडखळले नाही.

त्यांचा चेहरा उतरला, पण त्या रागावल्या नाहीत. सुई टोचून ठेवलेली उशी पुढे ओढत म्हणाल्या, "मी हिला म्हटलं होतं, तू आल्यावर बंद करू. काकू म्हणाल्या होत्या, जवळच्या मैत्रिणीनं करायचं असतं. तर ही म्हणाली, तिला चालेल, तिचं काही नसतं."

"काय म्हणतेय अक्का?" मैत्रिणीनं मला तमिळमध्ये विचारलं.

"लहान कात्री मागतेय," मी म्हणाले.

तिनं कात्री आणून दिली. त्यांनी आपलेच टाके एकेक करून कापले, इरकलीला जरासुद्धा न दुखवता, आणि दाणे वेचून तळहातावर घेतले. मी पर्समधून पुडी काढली. आंटींनी ती उघडून पाहिली आणि मान हलवली. मग सुई माझ्या हातात आली.

मी गुडघे टेकून बसले. माझ्या मागे तिघी उभ्या. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते मी करत होते आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: तिला चालेल, तिचं काही नसतं. तिनं माझ्या वतीनं नेहमीसारखं उत्तर दिलं होतं. ताक चालेल, तशा आवाजात दिलं असणार. माझे टाके मोठे पडत होते, आणि त्यांच्या मधून आधीच्या टाक्यांची भोकं दिसत होती, एका रेषेत, सगळी सारखी.

"धुतल्यावर बुजतात ती," त्या मागून म्हणाल्या. मी दोरा तोडला.

मैत्रिणीनं मला मिठी मारली, म्हणाली, आता पोट भरलं ना हिचं, आणि कॉफी गार झाली म्हणून आपल्या आईवर ओरडली. तिच्या दृष्टीनं तो विषय तिथे संपला. लग्न झालं, ती होसूरला गेली. तिथून तिनं गोधडीचा फोटो पाठवला, पलंगावर पसरलेली. मी मोठा करून पाहिला. भोकं आहेत की बुजली ते फोटोत कळत नाही. तोच फोटो त्यांनाही गेला होता, हे मला आईकडून समजलं.

आता आई म्हणते की तिच्या साड्यांची एक गोधडी करू. साड्या काढून तिनं त्यांच्याकडे नेऊनही दिल्या, रंग जुळवायला. आज संध्याकाळी दोघी विचारत होत्या, रविवारी मला जमेल का. बघते म्हणाले.

पच्चरिसीला मात्र मी हळद लावून ठेवली आहे, एका छोट्या डबीत. डबी कुठे आहे ते आईलाही सांगितलेलं नाही.