रेड थिसलची आजी

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. एका घोड्याबद्दल मी खोटं बोललो. हसू नका. घोड्याचं निमित्त होतं.

अमेरिकेत, केंटकीतल्या एका जुन्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्रावर, मी दर शनिवारी पाहुण्यांना फिरवतो. नोकरी सॉफ्टवेअरची, हा हौसेचा उद्योग. तिथे रेड थिसलची कबर आहे — दीडशे वर्षांपूर्वीचा थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचा घोडा. मूर्ती लहान, पण काय घोडा! एकाच दुपारी चार-चार मैलांच्या दोन शर्यती धावायचा, आणि दुसरी जास्त जोरात. पुढे त्याला पैदाशीला ठेवलं, तर बडे मालक आपल्या घोड्या पाठवेनात. का? वंशावळीत आजीच्या नावाच्या जागी नुसती रेघ. कुठली, कुणाची — पत्ता नाही. मग त्याची शिंगरं धावली, एकेक शर्यत मारत सुटली. ज्यांनी नाकं मुरडली होती तेच फाटकाबाहेर रांग लावून उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात नागपूरहून आई आली होती. एका शुक्रवारी जेवताना तिला ही गोष्ट सांगितली. ती खळखळून हसली. "म्हणजे आपल्यातलाच की," म्हणाली. आम्ही बौद्ध, त्या रेघेचा अर्थ तिला समजावून सांगावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत फार्मवर आली. दुसऱ्या राज्यातल्या शॉमबर्ग गावाहून मराठी मंडळी आली होती. त्यांतल्या एका काकांनी माझं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं. मी काय केलं असेल? हसलो, आणि घोड्याच्या गोष्टीकडे वळलो.

"बरं, याचं खानदान कसं?" काका म्हणाले. "एवढा विनर म्हणजे ब्लडलाइन सॉलिड असणार."

आणि मी सांगितलं — आजी थेट इंग्लंडच्या राजाच्या तबेल्यातली. काका खूश झाले. खाण तशी माती, म्हणाले. आई माझ्या शेजारी उभी होती.

परतताना गाडीत ती एवढंच बोलली, "घोडा नव्हता रे घाबरला."

आता प्रत्येक गटाला मी आधी माझं आडनाव सांगतो — पूर्ण, मोठ्यानं. मग वंशावळीतली ती रेघ दाखवतो, मग घोड्याचे विजय. गेल्या शनिवारी त्या रेघेला टाळ्या पडल्या. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

आई मात्र परत अमेरिकेला आली नाही. त्या फार्मवर तिनं माझ्या तोंडून ही गोष्ट एकदाच ऐकली, आणि ती खोटी होती.