देवाची पत्रिका

सरांच्या आईनं माझ्या हातातून पत्रिका ओढून घेतली. शाई वाळलीसुद्धा नव्हती. तिचा अंगठा 'श्री जोतिबा'वरून फिरला आणि अक्षरं पसरली.

"ही नको. देवाची आमच्या हातची पायजे," ती म्हणाली. मग सुनेला, "दुसरी घे गं एक कोरी."

राजारामपुरीतलं घर. सर म्हणजे आमच्या शाळेचे पर्यवेक्षक. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. माझं अक्षर चांगलं म्हणून पत्रिकांवर नावं घालायला मला बोलावलं होतं. रविवारी सकाळपासून बसले होते. आमदार, कारखान्याचे संचालक, मलकापूरचे पाहुणे, मुरगूडचे मामा. 'सहकुटुंब सहपरिवार' लिहून लिहून बोटं आखडली होती. शेजारणी डोकावून जायच्या. "काय वळण हाय बाईंच्या अक्षराला," म्हणायच्या. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

दुपारी कुणाला तरी आठवलं, देवाची राहिलीच की. आधी देवाला पत्रिका, मग माणसांना, हा रिवाज. लग्नाच्या घाईत घरातले सगळेच विसरले होते. मी पटकन एक घेतली आणि लिहिली. यात काही चुकतंय असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

माझा बाप मांगवाड्यातला. गारगोटीकडच्या आमच्या गावात त्यानं जन्मभर पालखीपुढं हलगी वाजवली. हलगी कडाडल्याशिवाय पालखी जागची हलत नव्हती. देवाला बापाची हलगी चालत होती. लेकीचं अक्षर चालत नव्हतं.

सर जवळ सरकले, हळू बोलले. "मॅडम, मनावर घेऊ नका. जुनी माणसं हायत. तुम्ही पावण्यांच्या करा की." आणि कोऱ्या पत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढं ढकलला.

त्या ढकलण्यानं माझं डोकं फिरलं. शाळेचं वेळापत्रक सर लावतात. माझ्या कामावरचा शेराही तेच लिहितात. हे सगळं कळत होतं, तरी तोंड उघडलंच.

"आक्का, ह्या सगळ्या पण माझ्याच हातच्या हायत. ह्या चालतील?"

"त्या माणसांच्या हायत की," ती म्हणाली.

"मग त्या माणसांना सांगा, कुणी लिहिल्यात त्या."

सून कुंकवाची वाटी घेऊन तशीच उभी. मी पेनला टोपण लावलं आणि उठले. "अहो मॅडम, उद्या वाटायच्या आहेत," सर मागून म्हणाले. माझं काय झालं, त्याचं काही नाही. वाटपाची काळजी. मी चप्पल घातली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी स्टाफरूममध्ये पत्रिका वाटल्या. माझ्याही टेबलावर ठेवली. माझं नाव कुणाच्या तरी गिचमिड अक्षरात. "यायचं बरं का मॅडम, घरचंच कार्य हाय," मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांसमोर. म्हणजे मी हसून मान हलवायची आणि प्रकरण मिटवायचं.

इतकी वर्षं मी तेच केलं होतं. हळदीकुंकवाला वगळलं, हसले. वास्तुशांतीचं जेवण डब्यात घालून शाळेत आणून दिलं, तेव्हाही हसले. कुणी विचारलं, का आला नाहीत, तर डोकं दुखत होतं, धाकट्याला ताप होता. लाज त्यांची, आणि ती झाकायला थापा माझ्या.

मी पत्रिका सरांच्या हातात परत दिली.

"मी येणार नाही सर. का येणार नाही, ते सांगते."

आणि उभं राहून सगळं सांगितलं. सर मध्येच "हळू, हळू" म्हणाले. मी आवाज चढवला.

आता अर्धी स्टाफरूम माझ्याशी बोलत नाही. नव्या वेळापत्रकात मला सलग तास लागलेत. लागू देत. बाई लग्नाला का गेल्या नाहीत, हे ज्याला विचारायचं त्यानं खुशाल विचारावं. डोकं दुखत होतं, असं मी आता कुणालाच सांगणार नाही.